पाणी मोजणारा माणूस

वर्ध्याकडच्या माणसाला पाणी मुरणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. मृगाचे पहिले पाणी काळ्या रानाच्या भेगांतून भसाभस आत जाते आणि चार दिवसांनी तीच माती फुगून अशी बसते, की पाणी वरच्या वर तळ्यासारखे साचून राहते. बरड रानात, मुरमात मात्र पाऊस थांबला की तासाभरात चालायला वाट मोकळी. विहीर खोदणाऱ्याला हे ठाऊक असते, ओलित करणाऱ्याला ठाऊक असते, घरात माठावर माठ ठेवून वाळूतून पाणी गाळणाऱ्या आजीलाही ठाऊक होते. पण किती वाळूतून, किती दाबाने, किती वेळात, किती पाणी जाईल, हे आकड्यांत मांडायला १८५६ साल उजाडावे लागले. मांडणारा माणूस फ्रान्समधल्या दिजाँ गावचा एक सरकारी इंजिनियर होता. प्रकृती खालावल्यामुळे त्याच्यावरचे खात्याचे काम उतरवलेले होते आणि आयुष्याची जेमतेम दोन वर्षेच शिल्लक होती.

त्याचे नाव हेन्री डार्सी. फ्रेंच लोक दार्सी म्हणतात. आपल्याकडे अभियांत्रिकीच्या वर्गांत डार्सी रूढ झाले आहे, तेच चालू द्यावे. भूजलाचा अभ्यास करणाऱ्याला आणि तेलविहिरींचा हिशेब करणाऱ्याला हे नाव तोंडपाठ असते. परंतु ज्या कारणाने आज त्याच्याविषयी लिहावेसे वाटले ते कारण निराळेच आहे. पवनचक्कीचे प्रचंड पाते किंवा विमानाचा पंख आता पुष्कळदा धातूऐवजी तंतूंचे कापड आणि रेझिन यांचा बनतो. तो बनवण्याआधी संपूर्ण काम संगणकाच्या पडद्यावर करून पाहतात आणि त्या पडद्यामागे जे गणित चालू असते त्याच्या मुळाशी डार्सीची वाळू आहे. तो गेला तेव्हा ना आजचे काचतंतू होते, ना आजचे रेझिन, ना संगणक.

हेन्रीचा जन्म १० जून १८०३ चा, दिजाँचाच. हे गाव जगाला मोहरीसाठी माहीत आहे. वडील सरकारी नोकरीत होते. १८१७ साली ते वारले तेव्हा हेन्री चौदा वर्षांचा होता. मागे आई आणि शिकणारी मुले. ही बाई खमकी असली पाहिजे. मुलांचे शिक्षण तुटू द्यायचे नाही असे तिने ठरवले आणि हेन्रीसाठी गावाची शिष्यवृत्ती मिळवली. पुढे या माणसाने गावासाठी जे केले त्याचा धागा मला इथे दिसतो. ज्या गावाने वडिलांमागे शाळेची फी भरली, त्या गावाचे देणे काही मुले कायमचे मनावर घेतात.

१८२१ साली तो पॅरिसच्या प्रख्यात एकोल पोलितेक्निकमध्ये दाखल झाला, तिथून रस्ते-पुलांच्या इंजिनियरांच्या शाळेत गेला आणि नोकरीला लागल्यावर थोड्याच दिवसांत दिजाँला परतला. १८२८ साली हेन्रिएट केरी या इंग्रज घराण्यातल्या मुलीशी लग्न झाले. संसार गावातच मांडला.

तेव्हाच्या दिजाँचे पाणी म्हणजे दुर्दशा होती. उथळ विहिरी, त्यांच्या शेजारी शौचकूप, आणि गावातून वाहणारा सुझाँ ओढा तर उन्हाळ्यात कोरडा व एरवी गटार. पाणी आणण्याचे बेत पिढ्यान् पिढ्या झाले आणि कागदावरच राहिले होते. १८३० च्या सुमारास गावाने एका चौकात सुमारे दीडशे मीटर खोल बोअर मारून पाहिली. पाणी लागले, पण गावाला पुरेल इतके नाही. विदर्भातल्या कोणत्याही ग्रामपंचायतीच्या सदस्याला ही हकिगत आपल्याच गावची वाटावी.

डार्सीने गावाबाहेर नजर टाकली. डोंगराच्या कुशीत रोझ्वार नावाचा एक मोठा झरा होता. तो किती पाणी देतो, कोणत्या ऋतूत किती आटतो, गावापेक्षा किती उंचावर आहे, हे सगळे मोजून १८३४ साली त्याने नगरसभेपुढे अहवाल ठेवला. परवानग्यांत काही वर्षे गेली. मार्च १८३९ मध्ये काम सुरू झाले आणि ६ सप्टेंबर १८४० रोजी झऱ्याचे पाणी दिजाँच्या हौदात पडले. दीड वर्ष! अंतर पावणेतेरा किलोमीटर. सगळा मार्ग झाकलेला, म्हणजे वाटेत घाण पडायची सोय नाही. आणि कुठेही पंप नाही, पाणी आपल्या उताराने येणार. पुढल्या काही वर्षांत गावात सुमारे अठ्ठावीस किलोमीटर नळ टाकले गेले आणि साधारण दर शंभर मीटरवर एक असे दीडशेच्या घरात सार्वजनिक नळ उभे राहिले. त्या नळांवर पाणी फुकट होते. श्रीमंताने घरात जोडणी घ्यावी आणि पैसे भरावेत, पण बादली घेऊन आलेल्या माणसाकडे कुणी पैसे मागायचे नाहीत, असा हा बंदोबस्त.

आता हिशेबाची गोष्ट. आयुष्य बँकेत गेल्यामुळे माझी नजर तिकडे वळतेच. या कामाबद्दल डार्सीला नियमाप्रमाणे मेहनताना मिळायचा होता. रक्कम थोडीथोडकी नव्हती. पन्नास हजार फ्रँकांच्या वर जात होती. त्याने ती घेतली नाही. गावाने सोन्याचे पदक दिले, ते घेतले. आणि गावाने असेही ठरवले की डार्सीच्या घरी पाणी आयुष्यभर विनामूल्य. ज्याने गावभर पाणी फुकट केले त्याला बक्षीस म्हणून फुकट पाणी! या ठरावात विनोद कुणी जाणूनबुजून केला नसावा, पण तो झाला आहे खरा.

पुढची आठ-दहा वर्षे भरगच्च गेली. पॅरिसहून लियाँला जाणारी रेल्वे दिजाँवरून जावी म्हणून तो झगडला. त्यासाठी ब्लेझी येथे डोंगरातून सुमारे चार किलोमीटरचा बोगदा पाडावा लागणार होता, त्याची आखणी त्याने केली. मग १८४८ ची क्रांती झाली. राजवट बदलली की चांगल्या अधिकाऱ्याची बदली होते, हा नियम फ्रान्समध्येही लागू आहे. डार्सीला त्याच्या गावातून हलवण्यात आले. तरी थोड्याच काळात पॅरिसच्या पाणी व रस्ते विभागाची सूत्रे त्याच्याकडे आली. तिथे त्याने नळांतून पाणी वाहताना किती दाब खर्ची पडतो यावर असंख्य प्रयोग केले. नव्या गुळगुळीत नळात किती, गंजलेल्या जुन्या नळात किती, असे एकेक मोजत. आज कोणत्याही शहराची नळयोजना आखताना जे सूत्र वापरतात त्यात वाइसबाख या जर्मन गृहस्थाबरोबर डार्सीचेही नाव जोडलेले असते.

प्रकृती मात्र ढासळत गेली. १८५५ मध्ये खात्याने त्याला नेहमीच्या कामातून मोकळे केले आणि तो दिजाँला आला. अशा वेळी माणूस बागेत खुर्ची टाकून बसतो. डार्सीने इस्पितळाच्या आवारात लोखंडाचा एक उभा नळा रोवला.

नळा माणसापेक्षा उंच, व्यास पस्तीस सेंटिमीटर. आत खाली जाळी आणि तीवर सोन नदीची वाळू. वरून पाणी सोडायचे, खालून किती निघाले ते मोजायचे, आणि वर-खाली दाब दाखवायला पाऱ्याच्या नळ्या. २९ आणि ३० ऑक्टोबर आणि २ नोव्हेंबर १८५५ या तीन दिवसांत पहिली मोजमापे झाली. दुसरी फेरी फेब्रुवारी १८५६ मध्ये शार्ल रिटर या तरुण इंजिनियराने पार पाडली. पाणी इस्पितळाच्या नळाचे, म्हणजे डार्सीनेच गावात आणलेले. अडचणही त्यातूनच उद्भवली. इस्पितळात कुणी तोटी उघडली की पारा उडी मारी, बंद केली की दुसरीकडे उडी. परिचारिका बादल्या भरताहेत, स्वयंपाकघरात भांडी धुतली जाताहेत, आणि हा आजारी माणूस थरथरणाऱ्या पाऱ्याकडे बघत सरासरी काढतो आहे. विज्ञानातला एक पायाभूत नियम असा चालत्या इस्पितळात जन्मला.

नियम कोणता? तर वाळूच्या थरावरचा दाब दुप्पट केला की पाणी दुप्पट येते. थराची जाडी दुप्पट केली की पाणी निम्मे येते. आणि प्रत्येक वाळूचा आपला एक आकडा असतो. ती पाण्याला किती सहज वाट देते ते सांगणारा. भरड वाळूचा मोठा, बारीक वाळूचा लहान. बस्स, एवढेच. वाचणाऱ्याला वाटेल, यात काय मोठे! पण तो आकडा हाती आला म्हणजे पाच हजार वस्तीला पाणी गाळून द्यायचे तर वाळूचा हौद किती लांबरुंद हवा, हे अंदाजाने नव्हे, हिशेबाने सांगता येते. रोझ्वारचे पाणी मुळात निर्मळ. दिजाँला गाळणीची गरज नव्हती. हा खटाटोप नदीचे गढूळ पाणी पिणाऱ्या दुसऱ्या गावांसाठी होता. १८५६ मध्ये त्याने दिजाँच्या सार्वजनिक पाणीपुरवठ्यावर साडेसहाशे पानांच्या आसपास मोठा ग्रंथ काढला, सोबत नकाशांचा संच. वाळूचा नियम आहे तो त्यातल्या एका परिशिष्टात. मुख्य मजकूर नळ, तोट्या, खर्च आणि दुरुस्ती यांचा.

आता वाळू बाजूला ठेवून कापडाकडे येऊ.

दोन निरनिराळ्या वस्तू एकत्र आणून दोन्हींपेक्षा सरस अशी तिसरी वस्तू करायची, ही युक्ती आपल्याला परकी नाही. तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा कुड घालून त्यावर शेणमातीचा गिलावा चढवला की भिंत होते. नुसती माती पावसाने ढासळेल, नुसत्या तुराट्या वाऱ्याने उडतील. दोन्ही मिळून पिढी काढतात. सेवाग्रामच्या बापूकुटीत माती, बांबू आणि लाकूड यांची अशीच सोयरीक आहे. इंजिनियर ज्यांना संमिश्र पदार्थ म्हणतात ते याच कुळातले. तुराटीच्या जागी काचेचे किंवा कार्बनचे तंतू, मातीच्या जागी रेझिन. आपण ज्याला नुसते फायबर म्हणतो ती पाण्याची टाकी, कूलरचे झाकण, बसच्या खिडकीखालचा पत्रा, हे सगळे त्यातले साधे प्रकार.

साधी वस्तू हाताने होते. साच्यावर मॅट पसरायची, ब्रशने रेझिन लावायचे, रोलर फिरवायचा. परंतु दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, नेमक्या जाडीची वस्तू हवी असेल तर बंद साचा लागतो. साच्यात कोरडे कापड आधीच रचून ठेवायचे, साचा मिटायचा, आणि एका भोकातून दाबाने रेझिन आत सोडायचे. रेझिन कापडाच्या धाग्याधाग्यांतून वाट काढत पुढे सरकते आणि शेवटी आतल्या आत घट्ट होते. धाग्यांतून मुरणारे रेझिन आणि वाळूतून मुरणारे पाणी. डार्सीचा नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो. फक्त रेझिन पाण्यापेक्षा दाट म्हणून त्या दाटपणाने भागायचे.

नियम लागू पडतो म्हणजे काय, हे मी एकदा जवळून पाहिले आहे. नोकरीत असताना एका औद्योगिक वसाहतीतल्या लहानशा फायबर कारखान्याचे कर्जखाते माझ्याकडे होते. मालक होतकरू, हाताने वस्तू करण्यात तरबेज. त्याला बंद साच्यातल्या झाकणांची मागणी मिळाली. अर्धा मीटर लांबीचा नमुना त्याने फक्कड करून दाखवला. दहा मिनिटांत साचा भरे. मग मीटरभर लांबीची खरी वस्तू घेतली. वीस मिनिटे लागतील असा त्याचा हिशेब, आणि रेझिन अर्ध्या तासात आळणारे, म्हणजे दहा मिनिटे हाती राहतात. पण साचा उघडला की दूरच्या कोपऱ्यात कोरडे, पांढरे कापड! पुन्हा केले, पुन्हा तेच. शेडमागे रिजेक्ट मालाचा ढीग वाढत गेला आणि इकडे हप्ते थकत गेले. डार्सीचे गणित सांगते, की लांबी दुप्पट झाली की वेळ दुप्पट होत नाही, चौपट होतो. दाब तोच राहतो, पण रेझिनला मागे पडलेल्या सगळ्या कापडाचा अडथळा ओलांडत पुढे जायचे असते, म्हणून ते जितके पुढे जाते तितके मंदावते. लागणार होती चाळीस मिनिटे. शेताच्या लांब सरीत पाणी सोडणाऱ्याला हा अनुभव आहे. म्हणून तर तो मधेच बारे फोडतो. त्या मालकानेही पुढे भोक टोकाला न ठेवता मधोमध घेतले आणि काम निभावले. बियाणे पेरावे तसे पैसे ढिगाऱ्यात पेरल्यावर हे सुचले, एवढेच दुःख.

आता मीटरभर झाकणाच्या जागी पन्नास-साठ मीटर लांबीचे पवनचक्कीचे पाते आणा. साताऱ्याकडच्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या पाहिलेल्या वाचकांना पात्यांच्या आकाराची कल्पना असेल. नव्या चक्क्यांची पाती त्याहूनही कितीतरी मोठी. अशी पाती करताना साच्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून आतली हवा शोषून घेतात आणि रेझिन बाहेरच्या हवेच्या दाबाने आत ढकलले जाते. म्हणजे दाब वाढवायलाही मर्यादा. एक पाते बिघडले तर ते वितळवून पुन्हा करता येत नाही, कारण आळलेले हे रेझिन पुन्हा वितळतच नाही. विमानाच्या पंखाचे तर विचारूच नका. तिथे कोरडी राहिलेली तळहाताएवढी जागा हा जिवाचा प्रश्न. बेंगळुरूच्या राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेने सारस विमानाच्या पंखासाठी हवा शोषून रेझिन भरण्याची स्वतःची पद्धत बसवली. अशा कामात करून बघू, चुकले तर पुन्हा करू, हे परवडत नाही.

म्हणून चुकायचे ते संगणकात. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेतल्या व युरोपातल्या विद्यापीठांत यासाठीच्या आज्ञावली तयार होऊ लागल्या. रीत समजायला अवघड नाही. साच्याचा आकार हजारो लहान त्रिकोणांत कापायचा. प्रत्येक त्रिकोणाला त्याच्या कापडाचा आकडा द्यायचा. मग डार्सीचा नियम लावून प्रत्येक ठिकाणचा दाब काढायचा, त्यावरून रेझिन कणभर पुढे सरकवायचे, पुन्हा दाब काढायचा, पुन्हा सरकवायचे. पडद्यावर रंगाचा ओघळ पसरत जातो. दोन बाजूंनी आलेले ओघळ मधे हवा कोंडतात का, साच्याच्या कडेला कापड जरा आखूड कापले गेले तर त्या फटीतून रेझिन मुसंडी मारून आधीच दाराशी पोचते का, दुसरे भोक कधी उघडावे, हे सारे एक थेंब रेझिन न सांडता दिसते. गरम झाल्यावर रेझिन आधी पातळ होते आणि मग आळू लागते, तेही हिशेबात धरता येते.

पण संगणकाला कापडाचा आकडा सांगायचा कुणी? तो कुणीतरी मोजावाच लागतो. कापड विणीच्या दिशेने एका वेगाने वाट देते, आडव्या दिशेने दुसऱ्या. जरा दाबून बसवले की तिसराच आकडा. २०११ साली यासंबंधी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या देशांतल्या प्रयोगशाळांनी तीच ती कापडे आपापल्या पद्धतीने मोजली होती. उत्तरांत फरक पडला तो काही ठिकाणी दहापटीपर्यंत! सगळे जाणकार, सगळ्यांची उपकरणे उत्तम. त्यानंतर मोजण्याची रीत एकसारखी करण्याचे प्रयत्न चालू झाले आणि फरक पुष्कळ कमीही झाला. पण संगणकाने पडद्यावर काढलेले देखणे चित्र पाहून भुलणाऱ्यांनी हा अभ्यास लक्षात ठेवावा. चुकीचा आकडा दिला तर तो चुकीचे चित्रही तितक्याच ऐटीत रंगवतो. खातेवहीतली पहिली नोंद चुकली तरी ताळेबंद जुळू शकतो, हे आम्हा बँकवाल्यांना ठाऊक असते. अखेर कुणीतरी दाबाच्या काट्याकडे बघत उभे राहायचे आणि पलीकडून किती द्रव निघाला ते टिपायचे, हे काम उरतेच. इस्पितळाच्या आवारात ते चालले होते तसेच.

ग्रंथ छापून झाल्यावर डार्सी थांबला नाही. वाहत्या पाण्याचा वेग मोजायची पितोची नळी जुनीच होती, पण ती बिनभरवशाची. तिच्या टोकाचा आकार बदलून, तोट्या बसवून त्याने ती कामाची केली. उघड्या कालव्यातून पाणी कसे वाहते याचे मोठे प्रयोगही त्याने हाती घेतले. कालव्याच्या भिंती गुळगुळीत असल्या तर काय, खडबडीत असल्या तर काय, हे त्याला नळांसारखेच एकेक करून पाहायचे होते. हाताशी आंरी बाझां हा तरुण इंजिनियर होता.

१८५७ च्या अखेरीस तो पॅरिसला होता. तिथे न्यूमोनिया झाला आणि ३ जानेवारी १८५८ रोजी, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी तो वारला. त्याचा देह दिजाँला आणून तिथेच पुरला. गावाने पहिल्या हौदाजवळच्या चौकाला लगोलग त्याचे नाव दिले. रेल्वे स्थानकातून गावात शिरणाऱ्याला आजही हा चौक आधी लागतो. आयुष्यभराच्या फुकट पाण्यातली शेवटची दहा वर्षे बहुतेक पॅरिसमध्येच गेल्यामुळे गावाला तो ठराव फारसा महागात पडला नसावा.

कालव्याचे प्रयोग अर्धवट राहिले होते. बाझांने ते पुढे कित्येक वर्षे चालवले, पुरे केले आणि १८६५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यात पहिले नाव त्याने डार्सीचे घातले.